फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा सातवीतही ईएसएलमध्ये का?

प्रश्न विचारणाऱ्या बाई मूळच्या नाशिकच्या. न्यू जर्सीतल्या एका शाळेत नुकत्याच मदतनीस शिक्षिका म्हणून लागल्या आहेत. सहावी-सातवीच्या वर्गांत निम्म्याहून अधिक मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. मधल्या सुट्टीत ती झकास इंग्रजी बोलतात आणि तास सुरू झाला की गप्प होतात, असं का? वर्षानुवर्षं ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांच्या खास तासाला का बसतात? सहकारी म्हणतात ‘आईबापांना पडलेलीच नाही’, ते खरं का? आपण स्पॅनिश शिकायला हवं का? आणि जाता जाता, स्वतःच्या लेकीच्या किंडरगार्टनच्या फॉर्मवर घरची भाषा ‘मराठी’ लिहावी की ‘इंग्लिश’?

मी इथे २२ वर्षं ईएसएल शिकवते आहे. त्याआधी सांगली जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे इंग्रजीला बिचकणारी मुलं मला नवी नव्हती. नवं होतं ते हे की इथे इंग्रजी हा एक विषय नाही. गणित, विज्ञान, इतिहास, मुख्याध्यापकांची सूचना, आगीचा सराव, सगळं त्यातच. सांगलीतल्या पोराला इंग्रजीत ३५ मिळाले तरी भूगोलात तो राजा असू शकत होता. इथे ती सोय नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मला विचाराल तर शाळेतला सगळ्यात अवघड मामला नुकत्याच आलेल्या मुलांचा नाहीच. होंडुरासहून मागच्या आठवड्यात आलेला मुलगा दारात उभा राहिला की सगळी शाळा हलते. समुपदेशक येतो, कुणी दप्तर देतं, कुणी जेवणाच्या रांगेत हात धरून नेतं. त्याला इंग्रजी येत नाही हे सगळ्यांना दिसतं. दिसत नाही तो दुसरा: इथल्याच इस्पितळात जन्मलेला, इथल्याच शाळेत पहिल्या दिवसापासून आलेला, यँकीज या बेसबॉल संघाचे स्कोअर तोंडपाठ असलेला आणि सातवीतही ईएसएलचा शिक्का असलेला. तुमच्या वर्गातली बरीच मुलं हीच असणार. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकणारी म्हणून नोंदलेली ५० लाखांहून अधिक मुलं आहेत. त्यांतल्या चारांपैकी तिघांच्या घरी स्पॅनिश आहे आणि बहुसंख्य मुलं जन्माने अमेरिकन आहेत. उलट बाजूही लक्षात ठेवा. शाळांतल्या सुमारे १.४ कोटी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळं असलेल्या, मुलांपैकी ४० लाखांच्या आसपास मुलांनाच हा शिक्का आहे. आडनाव गार्सिया दिसलं म्हणून हळूहळू, मोठ्याने इंग्रजी बोलायला जाऊ नका. मी पहिल्या वर्षी गेले होते, आणि त्या मुलीने मला शांतपणे सांगितलं की तिला स्पॅनिश येतच नाही.

एक तास सांगते. सातवीचं विज्ञान. कागदावर प्रश्न होता की खालीलपैकी कोणता पुरावा या ‘क्लेम’ला, म्हणजे दाव्याला, सर्वांत चांगला ‘सपोर्ट’ करतो, म्हणजे दुजोरा देतो. खाली चार पर्याय. बारा वर्षांचा एक बोलका मुलगा पेन्सिलीचं रबर चावत बसला होता. मी वाकून विचारलं, ‘क्लेम म्हणजे काय रे?’

‘एअरपोर्टवर असतं ना, मिस. बॅगेज क्लेम.’

त्याचे वडील नेवार्क विमानतळावर सामान चढवायचं काम करतात. उत्तर चूक नव्हतंच. मग विचारलं, ‘आणि सपोर्ट?’ तो म्हणाला, ‘चाइल्ड सपोर्ट.’ म्हणजे वेगळ्या राहणाऱ्या पालकाने मुलासाठी द्यायची पोटगी. शेजारचा हसला, हा लाल झाला आणि पर्याय ‘क’ला गोल करून मोकळा झाला. पेपर गेला. त्याला प्रयोग कळला होता बरं का. झाडाला उजेड नसला की काय होतं ते त्याने आदल्या दिवशी मला हातवारे करून, इंग्रजीत, व्यवस्थित सांगितलं होतं.

याच मुलाने त्या आठवड्यात आईला घरमालकाचं पत्र वाचून दाखवलं होतं. ‘पास्ट ड्यू’, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘लेट फी’. हे शब्द माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही धड सांगता आले नसते. दवाखान्यात, बँकेत, विजेच्या कंपनीच्या फोनवर ही मुलं आठव्या-नवव्या वर्षापासून दुभाषाचं काम करत असतात. तेव्हा ‘भाषा कच्ची’ हे वाक्य त्यांच्याबद्दल बोलताना जरा जपून वापरा. एका बाजूची भाषा पक्की आहे, दुसऱ्या बाजूची त्यांना कुणी शिकवलेलीच नाही.

कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. गप्पांची भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. या मांडणीवर टीकाही बरीच झाली आहे, आणि मलाही ही दोन खोकी इतकी वेगळी वाटत नाहीत. पण वर्गात उभं राहिलं की तो फरक रोज दिसतो. आपल्याकडेसुद्धा ‘काटकोन त्रिकोणाचा कर्ण’ कुणी पारावर बसून बोलत नाही. फक्त मराठी मुलाला ते शब्द मराठीच्याच पायावर उभं राहून शिकायला मिळतात.

गणितात याची खरी गंमत दिसते. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ हे मुलं ऐकलं त्या क्रमाने लिहितात: ५ − क्ष. अमेरिकन मुलंही इथे घसरतात, पण त्यांना वाक्य दुसऱ्यांदा वाचल्यावर कान सांगतो की काहीतरी उलटं आहे. मराठीत ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ म्हटलं की ‘पेक्षा’ क्षलाच चिकटतो, म्हणून आपण वाचतो. स्पॅनिशमध्येही इंग्रजीसारखाच सापळा आहे. शिवाय ‘टेबल’ म्हणजे जेवायचं, ‘मीन’ म्हणजे दुष्ट, ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानातला, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे टीव्हीचा. हे अर्थ मुलांना येतातच. तुम्ही ‘मीन काढा’, म्हणजे सरासरी काढा, म्हणालात की मूल ‘हा शब्द मला माहीत आहे’ असं समजून हात वर करत नाही. न येणारा शब्द मूल विचारतं. अर्धवट येणारा विचारत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

मग ही मुलं ईएसएलमधून बाहेर का पडत नाहीत? त्याचं यंत्र समजून घ्या. न्यू जर्सी आणि इतर बरीच राज्यं ‘विडा’ या संघाची ‘ॲक्सेस’ नावाची वार्षिक परीक्षा घेतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग, १ ते ६ अशी पातळी. एकूण गुणांत वाचन ३५ टक्के, लेखन ३५ टक्के, ऐकणं १५ आणि बोलणं १५. म्हणजे ज्या बोलण्यावर तुम्ही आणि मी भुलतो, त्याला सहांपैकी एका हिश्शाइतकीही किंमत नाही. आमच्याकडे बरीच वर्षं बाहेर पडायचा आकडा ४.५ होता. बोलण्यात ५ मिळवणारी मुलं वाचनात ३.४ वर अडकून वर्षानुवर्षं त्याच जागी बसलेली मी पाहिली आहेत.

तेही एक वेळ समजू शकतं. पण बोलण्याची परीक्षा घेतात कशी ते बघा. खोलीत वीस मुलं, प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन, समोर कॉम्प्युटर, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला मायक्रोफोनमध्ये उत्तर द्यायचं. पहिलीतलं पोर खुशाल ओरडून सांगतं. तेरा वर्षांचा मुलगा, शेजारी वर्गातली मुलगी बसलेली, तो तोंडातल्या तोंडात ‘आय डोन्ट नो’ म्हणतो आणि पुढचं बटण दाबतो. गुण २. संध्याकाळी तोच मुलगा फुटबॉलच्या मैदानावर पंचाशी पाच मिनिटं हुज्जत घालतो. मी आता परीक्षेच्या तीन आठवडे आधी सातवी-आठवीच्या मुलांना रिकाम्या खोलीत हेडफोन घालून मोठ्याने, काहीही, अगदी आवडत्या पिझ्झ्याबद्दल बोलायला लावते. शिकवणं नव्हे ते, पण लाज मोडते.

या मुलांना इथे ‘लाँग टर्म इंग्लिश लर्नर’ म्हणतात. कॅलिफोर्नियाने तर २०१२ मध्ये कायदा करून त्याची व्याख्याच ठरवली. ही मुलं काही जन्मतः अशी नसतात, शाळा त्यांना घडवते. ईएसएलचा तास कुठल्या तरी तासातून काढावा लागतो, आणि अनेकदा विज्ञान किंवा समाजशास्त्रातून काढला जातो. नेमकी जिथे पुस्तकी इंग्रजी भेटते तिथूनच मुलाला उठवून बाहेर नेऊन इंग्रजी शिकवायची. मग त्याला सोपी पुस्तकं, सोपे प्रश्न, रिकाम्या जागा भरा. मीही हे केलं आहे. पहिली पाच-सहा वर्षं माझ्या वर्गात कुणी नापास होत नसे, सगळे खूश, मीही खूश. रंगीत तक्ते, जोड्या लावा, चित्र पाहून वाक्य लिहा. आठवीतल्या एका मुलीने एकदा वही मिटून विचारलं, ‘मिस, आपण खरं पुस्तक कधी वाचणार?’ तिची मोठी बहीण त्याच वर्गातून, माझ्याच हाताखालून, तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि तिनेही खरं पुस्तक वाचलं नव्हतं.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या, मीटिंगमध्ये उपयोगी पडतं. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाऊ विरुद्ध निकोल्स, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तीच इमारत दिली म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. भाषा न कळणाऱ्या मुलाला त्यातून शिक्षण मिळतच नाही. खटला चिनी मुलांचा होता, पण त्याचा सर्वांत मोठा फायदा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना झाला. १९८१ च्या टेक्सासमधल्या कास्तान्येदा खटल्याने तीन कसोट्या दिल्या: पद्धत शास्त्राला धरून आहे का, तिला पुरेशी माणसं आणि पैसा दिला का, आणि निकाल दिसतो का. तिसरी कसोटी कुणी फारशी विचारत नाही. न्यू जर्सीत एका शालेय जिल्ह्यात एकाच भाषेची २० किंवा अधिक मुलं असली की द्विभाषिक वर्गाची तरतूद करावी लागते. तुमच्या शाळेत ती आहे का, विचारा.

उलट दिशेचे वारेही वाहिले. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव २२७ मंजूर केला: सर्वसाधारणपणे एक वर्ष खास इंग्रजी, मग थेट मुख्य वर्गात. पाच ते सात वर्षांचं काम एका वर्षात! १८ वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच राज्याच्या मतदारांनी प्रस्ताव ५८ मंजूर करून ते बंधन काढून टाकलं. मधल्या काळात ज्यांची शाळा झाली ती मुलं आता स्वतः आईबाप आहेत.

आणि त्याहून जुनी गोष्ट. टेक्सासात मार्फा नावाचं गाव आहे. तिथे मेक्सिकन मुलांसाठी वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. १९५४ मध्ये तिथल्या मुलांना चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला लावले आणि ‘मिस्टर स्पॅनिश’चा अंत्यविधी करून त्या चिठ्ठ्या शाळेच्या आवारात पुरल्या. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. माझी एक सहकारी टेक्सासची. तिच्या आजीने स्पॅनिश बोलल्याबद्दल शाळेत पट्टीचा मार खाल्ला होता, म्हणून आजीने मुलांशी घरात मोडकंतोडकं इंग्रजीच बोलायचं ठरवलं. सहकारी आज रात्रीच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकते, फी भरून. तुमच्या शाळेत कुणी शिक्षक आईबापांना ‘घरी इंग्लिशच बोला’ असा सल्ला देत असेल तर त्यांना हे सांगा. मोडक्या इंग्रजीत आई मुलाला काय सांगणार? ‘इट’, ‘स्लीप’, ‘होमवर्क’. स्पॅनिशमध्ये ती गावच्या नदीची गोष्ट सांगते, भावाशी झालेलं भांडण रंगवून सांगते, का आणि कसं ते सांगते. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’ हे मूल आधी आईच्या भाषेत शिकतं आणि मग इंग्रजीत त्याला फक्त शब्द शोधावा लागतो.

‘आईबापांना पडलेलीच नाही.’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी कॉफीचा कप ठेवून बोलायला लागते. पालकसभेला येऊन मेक्सिकन आई पहिला प्रश्न विचारते, ‘कोमो से पोर्ता?’ म्हणजे कसा वागतो? अमेरिकन शिक्षकाला वाटतं, बघा, हिला गुणांशी घेणं नाही. अहो, स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ म्हणजे नुसतं शिक्षण नव्हे. ‘बिएन एदुकादो’ म्हणजे वळण असलेला मुलगा. आपली आई शाळेत येऊन काय विचारायची? ‘मस्ती करतो का हो बाई? दोन द्या ठेवून.’ तोच हा प्रश्न, दुसरा भाग सोडून. आणि वर्गात येऊन मदत करायची, शिक्षकाला ईमेल लिहून जाब विचारायचा, हे त्यांना शिक्षकाच्या कामात नाक खुपसणं वाटतं. पोर गुरुजींच्या हवाली केलं की आपण बाजूला राहायचं, ही रीत नाशिकला नवी आहे का?

शिवाय सभा असते संध्याकाळी सहाला. आई गोदामात दुसऱ्या पाळीला, वडील रेस्टॉरंटच्या भटारखान्यात. आणि आलीच तर बोलायचं कुणाशी? बऱ्याच शाळा मुलालाच दुभाषा करतात. असं करू देऊ नका. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं ही शाळेची जबाबदारी आहे, फोनवर दुभाषा मिळतो, मागायचा. माझ्यासमोर एका मुलाने ‘तो गृहपाठ देत नाही’चं भाषांतर ‘बाई म्हणतात मी फार शांत आहे’ असं केलं होतं. आई खूश होऊन माझा हात हातात घेऊन बसली. मला तेवढी स्पॅनिश तोवर येत होती. मी गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या साहेबांना गाठलं.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. मुलं तुम्हाला नुसतं ‘मिस’ म्हणतील, आडनावाशिवाय. इथल्या शिक्षकांना ते उद्धट वाटतं. स्पॅनिशमध्ये ‘माएस्त्रा’ एवढंच म्हणतात, आपल्या ‘बाई’सारखं. रागावलात की मूल खाली बघेल. ‘माझ्याकडे बघून बोल’ असं दरडावू नका, खाली बघणं हा मान आहे. आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. शाळेचं सॉफ्टवेअर कधी पहिलं खातं, कधी दुसरं, कधी मध्ये जोडरेघ घालतं, आणि त्यात मुलाची जुनी प्रगतिपुस्तकं हरवतात. ज्यांच्या वडिलांचं नाव अमेरिकेत ‘मिडल नेम’ होऊन बसलं आहे त्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. ‘आन्हेल’ला ‘एंजल’ करू नका. मेक्सिकोत शिकून आलेली मुलं लांब भागाकार करताना वजाबाकी मनात करून फक्त बाकी खाली लिहितात. इथे ‘पायऱ्या दाखवा’ म्हणून त्यांचे गुण कापले जातात, कधी कधी कॉपीचा संशयही येतो. उत्तर बरोबर असेल तर शिक्षकाला जाऊन सांगा. तुम्ही मदतनीस आहात, पण हे तुम्हालाच दिसणार आहे. ‘हिज’ आणि ‘हर’ची गफलत ऐकून हसू नका, स्पॅनिशमध्ये त्याचं, तिचं, त्यांचं, तुमचं या सगळ्याला एकच ‘सु’ चालतो. ‘एस्कूल’वर तर आपण हसूच नये, ‘इस्कूल’ म्हणणारी मंडळी आपल्या गावातही आहेत.

आता एक चूक, जी मी केली आणि जिची किंमत एका मुलीने मोजली. ग्वाटेमालाहून आलेली, नऊ वर्षांची. फॉर्मवर घरची भाषा ‘स्पॅनिश’. सहा आठवडे ती एक शब्द बोलली नाही. तसा गप्प राहण्याचा काळ बऱ्याच मुलांना लागतो, तेव्हा घाबरायचं कारण नव्हतं. मी तिला गणिताचे प्रश्न स्पॅनिशमध्ये भाषांतर करून दिले. तिने कागद समोर ठेवला, कडा बोटाने सरळ केल्या आणि बसून राहिली. विशेष शिक्षणासाठी तपासणी करावी असं मीच लिहून दिलं. मग सफाई करणाऱ्या एका मावशींनी तिला खाऊच्या यंत्रापाशी आईशी फोनवर बोलताना ऐकलं आणि मला येऊन सांगितलं, ‘मिस, ते स्पॅनिश नाही.’ ती माम होती. ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात बोलली जाणारी ही माया कुळातली भाषा, स्पॅनिशशी तिचं काही नातं नाही. कुणी कारकुनाने देश बघून भाषा लिहिली होती, आणि घाबरलेल्या आईने मान हलवली होती. आता मी ग्वाटेमालाच्या किंवा मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातल्या प्रत्येक पालकाला विचारते, ‘आजी-आजोबांशी काय बोलता?’ माम, किचे, मिश्तेक, सापोतेक बाहेर येतात. हिस्पॅनिक या एका शब्दात हे सगळं बुडून जातं. आणि ‘विशेष शिक्षणा’च्या शिफारशीवर सही करण्यापूर्वी दहादा विचार करा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात डायाना नावाने ओळखला जाणारा खटला झाला तो याचमुळे. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीतल्या चाचणीने मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं. त्यानंतर मुलाला त्याच्या भाषेत तपासायचं ठरलं. ५० वर्षं उलटून गेल्यावर मी तीच चूक करायला निघाले होते.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात, कारण ती तुमच्या शाळेत नाहीत. सोळाव्या वर्षी, सहा यत्ता शिकून, एकट्याने सरहद्द ओलांडून आलेला मुलगा नववीत बसतो. रात्री भांडी घासतो आणि पहिल्या तासाला झोपतो. त्याला शिकायचं असतं, पण वाटेच्या खर्चाचं कर्ज त्याच्याच नावावर असतं. कागदपत्रं नसली तरी शाळेत बसायचा हक्क त्याला आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालामुळे. कागदपत्रं विचारायची नाहीत, कुणी विचारली तर तुम्ही नोंदवायची नाहीत. शाळांच्या आवारात इमिग्रेशनची कारवाई टाळायचा २०११ पासूनचा संकेत जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, त्या आठवड्यात माझ्या वर्गात सहा बाकं रिकामी होती. १ मार्च २०२५ ला इंग्रजी अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षीय आदेश निघाला, पण त्याने लाऊ किंवा प्लायलर पुसले जात नाहीत.

स्पॅनिश शिकावी का? शिका. दोनशे शब्द पुरेत, आणि चुका मुलांसमोर करा. एकदा दिवसाच्या शेवटच्या तासाला थकून मी मराठीतच बोलून गेले, ‘पान बेचाळीस उघडा.’ स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणजे ब्रेड. सगळा वर्ग म्हणाला, मिसला भूक लागलीय. दुसऱ्या दिवशी एकीने गोड पाव आणून माझ्या टेबलावर ठेवला. मग आम्ही भिंतीवर यादीच लावली: कामीसा आणि कमीज, हाबोन आणि साबण, नारान्हा आणि नारिंग, ताबाको आणि तंबाखू. काही शब्द पोर्तुगिजांनी कोकणकिनाऱ्यावर उतरवले, काही दुसऱ्याच वाटेने फिरले. भाषांना नातेवाईक असतात हे मुलांना पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांची स्पॅनिश त्या नात्यात मधोमध उभी होती.

सोमवारपासून काय कराल? प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, मगच दुसऱ्याकडे वळा. दोन मुलं गणितावर स्पॅनिशमध्ये बोलत असतील तर ‘इंग्लिश, प्लीज’ म्हणू नका. जवळ जा आणि ऐका, बहुतेक वेळा ती गणितच बोलत असतात. लिहायला लावण्याआधी तोंडी बोलून घ्या. धड्यातले वीस शब्द पाटीवर टांगू नका. चार निवडा, आणि त्यांत ‘क्लोरोफिल’ घेऊ नका, तो सगळ्यांनाच नवा आहे, पुस्तकही समजावतं. ‘क्लेम’, ‘सपोर्ट’, ‘अ‍ॅफेक्ट’, ‘देअरफोर’ घ्या. मजकूर सोपा करू नका, वाट सोपी करा: आधी चित्र, मग बोलणं, मग तेच खरं पान. आणि मुलाची फाइल उघडून चार भागांचे गुण वेगवेगळे बघा. एकूण आकड्यात काही कळत नाही.

तो बॅगेज क्लेमवाला मुलगा त्या वर्षी बाहेर पडला नाही. वाचन ३.४ वरून ३.९ ला आलं. पुढच्या वर्षी मी त्याला ईएसएलऐवजी विज्ञानाच्या तासालाच बसवून तिथे जाऊन शिकवायला मागितलं, वेळापत्रकाशी भांडून. आठवीच्या शेवटी ४.६.

राहिला तुमच्या मुलीचा फॉर्म. आपल्यातले बरेच आईबाप भीतीने ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात, मुलीला ‘त्या’ वर्गात टाकतील म्हणून. मीही माझ्या थोरल्याच्या वेळी तेच केलं होतं, आणि तेव्हा मी ईएसएलचीच शिक्षिका होते. मराठी लिहा. तिची एक छोटी चाचणी होईल. इंग्रजी पुरेसं असेल तर विषय तिथेच संपेल. नसेल तर वर्षभर मदत मिळेल, तीही कायद्याने, एक पैसा न देता. फॉर्मवर आईबापाची सही लागते, शिक्का लागत नाही.